खाच आणि पट्टी

मित्रांनो, मी काठी आहे. जुनी आहे, हे मान्य. 'जुनाट' मात्र म्हणू नका. तो शब्द एकदा माझ्या कानावर पडला आणि त्यानंतर काय झालं तेच आज सांगायला बसले आहे. एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते, म्हणजे नंतर तुम्ही तोंडात बोटं घालायला नको. माझा स्वभाव मत्सरी आहे. लाकूडच तसं आहे माझं, त्याला मी काय करू?

मुळात मी एका होडीचं वल्हं होते. तेव्हासुद्धा मला त्या शिडाचा हेवा वाटायचा. वारा पडला की घाम गाळायचा आम्ही, आणि वारा आला की किनाऱ्यावरची माणसं बघायची कुणाकडे, तर शिडाकडे. 'काय सुंदर फुगलंय!' म्हणायची. फुगणारच! त्याला दुसरं काम काय होतं? मी आपली पाण्यात डोकं खुपसून वर यायची, पुन्हा खुपसायची. एक दिवस खडकावर आपटले आणि माझे दोन तुकडे झाले. पातं चुलीत गेलं. दांडा होड्या दुरुस्त करणाऱ्या सुताराच्या कोपऱ्यात पडून राहिला. तो दांडा म्हणजे मी.

त्या सुताराची थोरली बहीण गावच्या दवाखान्यात नर्स होती. तिला सगळे सिस्टर म्हणत. दवाखाना गावात आणि दुखणाइत सगळे शेतांवर, टेकडीवर, किनाऱ्यावरच्या सुट्या सुट्या घरांत. ती रोज मैलोन् मैल चालायची. भावाने मला तासलं, घासलं, तेल पाजलं, वरच्या टोकाला तिच्या मुठीएवढी गोल मूठ कोरली आणि खालच्या टोकाला पितळी टोपी बसवली. "ताई, ही घे," तो म्हणाला. "कुत्रं आलं तर दाखवायची, चिखल आला तर टेकायची." सिस्टरने मला हातात धरून दोनदा जमिनीवर आपटलं आणि म्हणाली, "चांगली ठणठणीत आहे रे!" असं कौतुक मला आजवर दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

बावीस वर्षं मी तिच्याबरोबर घरोघर हिंडले. तिथेही माझा जळफळाट चालूच. कारण तिची औषधांची बॅग. घर आलं की बॅग आत जायची, टेबलावर बसायची, तिच्याभोवती सगळं घर गोळा व्हायचं. मी बाहेर, चपलांच्या शेजारी. आतून बाळाचं पहिलं रडणं ऐकू यायचं, हसणं ऐकू यायचं, आणि मी दाराला टेकून विचार करायची, हिला इथवर आणलं कुणी? त्या बॅगेनं?

सिस्टर निवृत्त झाली, बॅग माळ्यावर गेली, आणि माझे सोन्याचे दिवस आले.

झालं असं, की दवाखाना सुटला तरी माणसं सुटली नाहीत. कुणाचे गुडघे धरलेले, कुणाला दमा, कुणाची साखर वाढलेली. येऊन तिच्या पायरीवर बसायची आणि गोळी मागायची. एकदा ती उसळून म्हणाली, "गोळ्या भरपूर खाल्ल्यात. आता चाला! रविवारी सकाळी सात वाजता माझ्या फाटकाशी. येणार नाही त्याने सोमवारी माझ्याकडे कण्हत यायचं नाही." पहिल्या रविवारी तिघं आले. वर्षभरात दहा-बारा झाले.

तिने सोप्या सोप्या तीन वाटा ठरवल्या आणि त्यांना नावं दिली आजारांची. नर्सच ती! पहिली गुडघेवाट. घराच्या मागच्या फाटकातून निघायची, दोन शेतांमधल्या कुंपणाच्या कडेकडेने गुरांच्या दगडी हौदापर्यंत जायची. वाटेत चढ नाही, उतार नाही, एक पायरीसुद्धा नाही. दुसरी दमावाट. फळबागेतून हळूहळू चढणारी, आणि दर शंभर पावलांवर एक बाक. बाकावर बसून बोलता आलं तरच पुढे जायचं, असा तिचा नियम. तिसरी साखरवाट. ही सगळ्यात लांब आणि मला सगळ्यात लाडकी. कड्यावरच्या गवतातून जायची, खाली वाळूत उतरायची, ओढा ओलांडायचा, दीपगृहाच्या भिंतीला पाठ टेकून बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि परत.

त्या ओढ्यामुळेच माझं नशीब फळफळलं. तो समुद्राला मिळतो तिथे रुंद होतो. एरवी पोटरीभर पाणी. पण डोंगरात पाऊस पडून गेला असेल तर तेच पाणी माणसाचा पाय उचलतं. साखरवाट सुरू करायच्या आधी सिस्टर आणि तिचा भाऊ एक अख्खा दिवस ओढ्यात उभे होते. ती एक-एक पाऊल खोल जात होती. एका जागी थांबून म्हणाली, "बस. आता पाय उचलला की पाणी ओढतंय." भावाने तिथे मला तिच्या शेजारी सरळ उभी केली आणि पाणी जिथे लागलं तिथे चाकूने खाच पाडली. तिच्या गुडघ्याच्या चार बोटं खाली. घरी आल्यावर खाचेत लाल रंग भरला.

तेव्हापासून नियम एकच. सिस्टर आधी एकटी ओढ्यात उतरणार, मधल्या सपाट दगडावर मला उभी करणार. खाच कोरडी असेल तर सगळ्यांनी यायचं. खाच भिजली तर सगळ्यांनी घरी जायचं, मग पलीकडे दीपगृहात बँडबाजा का वाजत असेना. दहा-बारा माणसं काठावर श्वास रोखून माझ्याकडे बघायची. माझ्याकडे, मित्रांनो! शीड नाही, बॅग नाही, मी. सिस्टर मोठ्या अभिमानाने सांगायची, "इतक्या वर्षांत माझ्या वाटेवर एका माणसाचासुद्धा गुडघा भिजलेला नाही." तिला याचा किती अभिमान होता, ते लक्षात ठेवा.

भाऊ दर दोन वर्षांनी माझी पितळी टोपी बदलायचा. म्हणायचा, "टोपी झिजली की खाच खाली येते, ताई. माप म्हणजे माप." पुढे भाऊ वारला. सिस्टरचं मनगट दुखायला लागलं. मी जड आहे, हे मलाही कळत होतं. पण कळलं म्हणून काय हलकं होता येतं?

सिस्टरची लेक शहरात नोकरी करते. वडिलांवर गेलेली, उंचच्या उंच. पंधरा दिवसांनी येते. एकदा ती आली ती हातात एक निळी पेटी घेऊन. पेटीतून जी बाहेर निघाली ती माझी सवत.

निळ्या रंगाची, ॲल्युमिनियमची, दोन नळ्यांची. खालची नळी वरच्या नळीत सरकायची, आणि मधल्या सांध्यावर एक खटका. टक् केलं की लांब, टक् केलं की आखूड. मुठीला मऊ रबर, मनगटात अडकवायला पट्टा. "आई, धरून तर बघ," लेक म्हणाली. "पिसासारखी आहे. ते जुनाट लाकूड ठेव आता कोपऱ्यात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सिस्टरने निळीला हातात घेतलं, दोन पावलं चालली आणि तिचा चेहरा खुलला. मनगट दुखलं नाही ना! मी बघत होते. मग ती एकदम थांबली. "पण माझी खाच?"

मला वाटलं, वाचले. कसलं काय. तिने आम्हा दोघींना स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी झोपवलं, पायाला पाय लावून. निळीची लांबी स्वतःच्या उंचीला लावून घेतली. मग दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी आणली आणि माझ्या खाचेच्या बरोबर समोर, निळीच्या सांध्याच्या जरा वर, एक वेढा मारला. "झालं," ती म्हणाली. म्हणजे सवत आणली ती आणली, वर तिच्या कपड्यांचं माप माझ्या अंगावरून घेतलं! याहून मोठा अपमान कुणाला ठाऊक असेल तर त्याने मला सांगावा.

मग माझी रवानगी दाराच्या कोपऱ्यात. एका बाजूला छत्री, दुसऱ्या बाजूला केरसुणी. निळी रविवारी साखरवाटेवरून यायची ती अंगाला वाळू लावून, समुद्राचा वास घेऊन. आणि तिला टेकवून ठेवायचे कुठे, तर माझ्याच शेजारी. बाकीची माणसं तरी काय! गणिताचे निवृत्त मास्तर, ज्यांना मी दहा वर्षं ओढ्यापार नेलं, ते म्हणाले, "सिस्टर, काय हलकी आहे हो! मलाही एक मागवा." फक्त बेकरीवाल्या मावशीने एकदा विचारलं, "अगं, ती आपली नेहमीची काठी कुठाय?" सिस्टर म्हणाली, "घरी आराम करतेय." आराम! छत्रीशी गप्पा मारत!

मला एकच गोष्ट येत होती. पडणं. जमीन गुळगुळीत, माझी मूठ गोल, त्यामुळे जरा कुणी जवळून गेलं की मी घसरायची. खरं सांगू? पुष्कळदा मी मुद्दाम पडायची. सिस्टर वाकायची, "काय गं, काय झालं तुला?" म्हणत मला उचलायची, आणि क्षणभर तिचा हात माझ्या मुठीवर असायचा. लेक वैतागायची. "ही मेली सारखी पडते!" मला त्याचं काही नव्हतं. कुणाच्या का तोंडी असेना, माझं नाव तर निघायचं.

आता त्या रविवारचं सांगते.

सिस्टरचा उजवा गुडघा सुजून टम्म झाला होता. फाटकाशी पाच जण येऊन थांबलेले, त्यात मास्तर आणि बेकरीवाली मावशी. साखरवाटेचा दिवस. लेक आलेली होती. सिस्टर म्हणाली, "आज तू ने त्यांना."

लेकीला कोण आनंद! आईने वाट तिच्या हाती दिली होती. सिस्टरने तिला बजावलं, "ओढ्याशी आधी तू एकटी उतर. पट्टी कोरडी तर चला, भिजली तर मागे. यात आपलं डोकं चालवायचं नाही. कळलं?"

"हो गं आई."

सिस्टर थर्मासमध्ये चहा ओतायला वळली. लेकीने माझ्या शेजारून निळीला उचललं, टेकून पाहिलं आणि म्हणाली, "किती बुटकी लावलीयस ही!" टक्. खटका उघडला. खालची नळी तिने जवळजवळ वीतभर बाहेर ओढली. टक्. खटका बंद.

मित्रांनो, पट्टी वरच्या नळीवर होती. निळी वीतभर लांब झाली, तशी पट्टीही जमिनीपासून वीतभर वर गेली. रोज ती पट्टी माझ्या खाचेच्या बरोबर समोर यायची. आता ती कुठल्या कुठे वर होती. मला ते दिसलं आणि कळलंही. त्या घरात ते कळलेली मी एकटीच होते.

मी पडायला हवं होतं. ठण्ण करून पडले असते तर सिस्टर वळली असती, मला उचलायला आली असती, आम्हा दोघींना शेजारी बघितलं असतं. एका क्षणात तिच्या ध्यानात आलं असतं. रोज पाच वेळा पडणारी मी. सहाव्यांदा पडायला काय जात होतं?

मी पडले नाही. मनात म्हटलं, जाऊ दे. होऊ दे हिची फजिती चार लोकांत. भिजू देत सगळ्यांच्या विजारी, मग म्हणतील, जुनीच बरी होती. माझ्या डोळ्यांसमोर ओल्या विजारी होत्या, मित्रांनो. त्यापुढचं मी बघितलंच नाही. केरसुणीला घट्ट टेकून मी सरळ उभी राहिले.

ती सगळी गेली. अर्ध्या तासाने सिस्टर पाणी प्यायला उठली. निळी नव्हती, म्हणून तिने मला घेतलं. जुन्या सवयीने तिचा हात माझ्यावरून खाली गेला आणि अंगठा खाचेवर थांबला.

"बुटकी म्हणाली ती," सिस्टर हळूच म्हणाली. आणि मग एकदम, "अगं बाई! पट्टी!"

तिने फोन लावला. लेकीचा फोन स्वयंपाकघरातच वाजला, चार्जिंगला लावलेला. सिस्टरने चपला घातल्या की नाही, मला आठवत नाही. मागच्या फाटकातून गुडघेवाटेने आम्ही निघालो, कारण हौदापासून ओढ्याकडे उतरणारी एक जवळची पायवाट आहे. तिचा सुजलेला गुडघा आणि मी. दर पावलाला ती सगळा भार माझ्यावर टाकत होती आणि तोंडाने एकच, "देवा, अजून उतरली नसू दे." हौदाशी पोचलो तर बाजूच्या चरातून गढूळ पाणी धावत होतं. डोंगरात आदल्या दिवशी पाऊस झाला होता. मी घाबरले. इतकी घाबरले, की निळी, मास्तर, मान-अपमान सगळं विसरले. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या पोटात कुणाबद्दल काही दुखत नव्हतं.

पायवाट वाळूत उतरली आणि आम्हाला ते दिसलं. लेक मधल्या दगडावर उभी होती. पाणी तिच्या गुडघ्याच्या वर आलेलं. हातात निळी, सरळ. आणि पट्टी कोरडी.

"कोरडी आहे, मास्तरकाका! या!" ती ओरडत होती. पाण्याच्या ओढीने ती डुलत होती, मला लांबून दिसत होतं. पाणी ओढतंय हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण आईने सांगितलं होतं ना, आपलं डोकं चालवायचं नाही. तिने आईच्या पट्टीवर विश्वास ठेवला, स्वतःच्या पायांवर नाही.

मास्तर बेकरीवाल्या मावशीचा हात धरून अर्ध्यात पोचले होते. मावशी पुढे, मास्तर मागे. बाकीचे तिघं काठावर विजारी दुमडत होते.

"मागे फिरा!" सिस्टर ओरडली. लाटांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. तेवढ्यात मावशीचा पाय सुटला. ती एकदम आडवी झाली आणि पाण्याने तिला समुद्राकडे फिरवलं. मास्तरांनी हात सोडला नाही, पण तेही गुडघ्यावर आले. लेकीने काय केलं असेल? तिने निळीला सोडून दिलं आणि दोन्ही हातांनी मावशीचा दंड पकडला. निळी पाण्यावर एकदा गिरकी खाऊन निघून गेली. मी तिला जाताना बघितलं.

सिस्टर ओढ्यात शिरली. माझी खाच भिजली तिथे थांबली. एवढ्या घाईतही ती बरोबर तिथेच थांबली, कारण त्यापुढे तीही वाहून गेली असती. तिने माझी मूठ दोन्ही हातांनी धरली आणि मला लांब केलं. "मास्तर! धरा!"

मास्तरांच्या हाताला माझी पितळी टोपी लागली. एका टोकाला सिस्टर, दुसऱ्या टोकाला मास्तर, त्यांच्यामागे मावशी, तिच्यामागे लेक. माझ्या अंगातून कर्र आवाज आला. मोडले तर चौघंही गेली, एवढंच मला कळत होतं. मी वल्ह्याचं लाकूड आहे. पाण्याशी झगडायलाच जन्मले होते. मी मोडले नाही. काठावरचे तिघं धावत आले, सिस्टरच्या कमरेला मिठी मारून मागे ओढू लागले, आणि एकेक करून सगळे वाळूत येऊन पडले.

मावशीच्या पोटात बरंच पाणी गेलं होतं. सिस्टरने तिला पालथी केली आणि पाठीवर थापा मारल्या. ती खोकली, पाणी ओकली आणि पहिलं वाक्य बोलली, "माझा एक बूट गेला गं." मास्तर हसायला गेले आणि रडले. त्यांचा चष्माही गेला होता.

लेक ओल्या कपड्यांत बसून आईकडे बघत होती. "आई, पट्टी कोरडी होती गं. शप्पथ. मी नीट बघितली."

"माहीत आहे मला," सिस्टर म्हणाली. "तुझी काही चूक नाही. सरकणाऱ्या वस्तूवर माप बांधलं मी. म्हातारी झाले." असं ती स्वतःविषयी कधीच बोलली नव्हती. मग तिने मला उचललं, आपल्या गालाला लावलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "हीच माझी खरी. हिनं वाचवलं आज."

हेच शब्द ऐकायला मी किती रविवार तळमळले होते, मित्रांनो! ते आले आणि माझ्या अंगाला चटका बसला. निळीने काय वाईट केलं होतं? तिला ज्या उंचीवर लावलं त्या उंचीवर ती उभी राहिली. लेकीने काय वाईट केलं होतं? सांगितलं ते केलं. सगळं बघून, सगळं कळून गप्प राहिलेली एकच होती, आणि तिलाच गालाला लावलं होतं.

लेक दोन महिने घरी आली नाही. फोनवर म्हणायची, "माझ्या हातून मावशी गेली असती." सिस्टर समजावायची, "माझ्या हातून गं, तुझ्या नाही." दोघी एकमेकींच्या वाटणीचा दोष ओढून घेत होत्या, आणि तो दोष होता माझा. 'एकाही माणसाचा गुडघा भिजला नाही' हे वाक्य सिस्टर आता बोलत नाही.

आता सगळं बरंचसं सुरळीत झालं आहे. लेक येते. तिने आईसाठी दुसरी हलकी काठी आणली आहे, हिरवी, एकाच नळीची, न सरकणारी. गुडघेवाटेला आणि दमावाटेला ती जाते, साखरवाटेला मी. ती निघाली की अजून माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू? स्वभाव काही ओढ्यात वाहून गेला नाही. पण हेवा वाटणं वेगळं आणि हेव्यापायी गप्प बसणं वेगळं, एवढं मला कळलं आहे. 'जुन्या वस्तू टाकू नका, त्यांची काळजी घ्या' एवढं सांगून मला ही गोष्ट संपवता आली असती. तुम्हीही माना डोलावल्या असत्या. पण काळजी फक्त वस्तूंची घ्यायची नसते. ज्याचा तुम्हाला हेवा वाटतो, त्याचं काही चुकतंय असं तुम्हाला एकट्यालाच दिसलं, तर ओरडा. त्या क्षणी त्याची काळजी घेणारे तुम्हीच असता, दुसरं कुणी नसतं.

एक विनंती आहे. साखरवाटेवर नवीन कुणी आलं की सिस्टर ओढ्याच्या काठावर थांबून त्या दिवसाची गोष्ट सांगते. मला उंच धरते आणि म्हणते, "हिनं चार जीव वाचवले." तुम्ही कधी आलात तर तिला मध्येच अडवू नका. ते सांगताना तिला धीर येतो. गोष्ट संपली की ऐकणारे पुढे येतात, माझ्या अंगावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "शाबास!"

मित्रांनो, तुम्ही तेवढं म्हणू नका.